म्यूटवरचा मारिओ

गेल्या महिन्यात मामा रेल्वेतून रिटायर झाला. गार्ड म्हणून लागला होता, ट्रेन मॅनेजर म्हणून बाहेर पडला. प्रमोशन वगैरे काही नाही हं, २०२२ साली रेल्वेनं गार्ड या पोस्टचं नावच बदललं. काम तेच, शिट्टी तीच, झेंडाही तोच. तर मुद्दा असा, की आता दौंडचं क्वार्टर सोडायचं होतं आणि मामीनं फर्मान काढलं, "माळा तुम्ही पोरांनी भरलाय, आता तुम्हीच येऊन रिकामा करा."

पोरं म्हणजे आम्ही दोघं. मी आणि माझा मामेभाऊ. मी त्याला दादा म्हणते आणि तो मला 'ए' म्हणतो. रविवारी सकाळची गाडी पकडून मी पुण्याहून गेले, दादा शिरूरहून बाइकवर आला. माळ्यावर काय निघालं म्हणून सांगू? फुटलेला आकाशकंदील, मामाची जुनी पत्र्याची ट्रंक, तीन रजया आणि सगळ्यात मागे, बुटाच्या खोक्यात, आमचा व्हिडिओ गेम. पिवळट पडलेला डबा, दोन रिमोट, एक नारिंगी बंदूक आणि '९९९९९९ इन १' लिहिलेली कॅसेट. तुमच्यापैकी निम्म्या लोकांच्या चेहऱ्यावर आत्ता हसू आलं असणार, मला माहितीये. त्या नऊ लाखांत खरे गेम मोजून दहा-बारा. बाकी सगळे तेच, फक्त वेगळ्या नंबरवर!

दादानं कॅसेट काढली, खालच्या पट्टीवर जोरात फुंकर मारली. पंधरा वर्षांनी हात बरोबर तिथंच गेला.

आवाज इकडे, गेम तिकडे

आता थोडं मागे जाऊ. माझं बालपण शिरूरचं, सुट्ट्या दौंडच्या. न्हावरा, चौफुला करत एसटी जायची आणि मी पूर्ण रस्ताभर मारिओचा विचार करायचे. कारण गेम फक्त दौंडला होता. पण तिथं एक लोचा होता. मामाची ड्युटी रात्रीची. सकाळी गाडी लावून यायचा, आंघोळ करून झोपायचा. दोन खोल्यांचं क्वार्टर, टीव्ही बाहेरच्या खोलीत आणि मधे फक्त एक पडदा. त्यामुळे मामीचा नियम एकदम क्लिअर: खेळा दिवसभर, पण आवाज शून्य.

म्हणजे आम्ही मारिओ खेळलो, कॉन्ट्रा खेळलो, सगळं म्यूटवर. पण दादाला गाणी माहीत होती. कॉलनीतल्या दुसऱ्या एका घरी, जिथं बाबा दिवसा ड्युटीला असायचे, तिथं तो ती ऐकून यायचा. मग आमच्याकडे टीव्ही मुका आणि दादाचा गळा चालू. दबक्या आवाजात, ओठ मिटून, पडद्याकडे एक डोळा ठेवून. मारिओनं उडी मारली की 'टुईंग', नाणं मिळालं की 'टिंग', आणि मधल्या वेळात ते गाणं, सोबत दातांतून 'छिक्... छिक्-छिक्' असा ठेका. मला कित्येक वर्षं मारिओचं संगीत म्हणजे दादाचं तोंड एवढंच माहीत होतं.

शिरूरला उलटा प्रकार. एसटी स्टँडच्या बाजूला एक व्हिडिओ गेम पार्लर होतं. बाहेर मळकट पडदा, आत पोरांची गर्दी. मुलींनी तिथं जायचं नसतं, हे कुणी बोलून दाखवलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. मी क्लासला जाताना तिथून मुद्दाम हळू चालायचे. आतून 'मुस्तफा'चा दणका यायचा. कॅपकॉम कंपनीचा १९९३चा 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स'. त्यातल्या एका हिरोचं नाव मुस्तफा, म्हणून अख्ख्या देशानं गेमचं बारसंच 'मुस्तफा' करून टाकलं. त्या मशीनमध्ये 'क्यूसाउंड' नावाचं तंत्र होतं. दोनच स्पीकरमधून आवाज चहूबाजूंनी आल्यासारखा वाटावा, अशी त्याची करामत. आमच्या पार्लरात तो एकाच फाटक्या स्पीकरमधून यायचा, ती गोष्ट वेगळी.

तर असा हिशोब. दौंडला गेम होता, आवाज नव्हता. शिरूरला आवाज होता, गेम नव्हता.

आणि तिसरा आवाज शाळेतल्या कॉम्प्युटर लॅबचा. सर बाहेर गेले की कुणीतरी 'प्रिन्स ऑफ पर्शिया' लावायचं. जॉर्डन मेकनर या तरुणानं १९८९ला बनवलेला गेम, आणि संगीत दिलं होतं त्याच्या बाबांनी, फ्रान्सिस मेकनर यांनी. घरचंच कार्य म्हणा ना! पण आमच्या लॅबमधल्या पीसीला बाहेरचे स्पीकर नव्हते. आतल्या बारक्या स्पीकरमधून सगळं 'पिप पिप पीप' असं यायचं. बापानं एवढं मनापासून दिलेलं संगीत, आणि आमच्याकडे ते गजराच्या घड्याळासारखं वाजायचं.

पाच जणांचं बँड पथक

मोठी झाल्यावर, म्हणजे पुण्यात येऊन हातात बरे हेडफोन आल्यावर, मला हा नाद लागला. ऑफिसात लोक कामाच्या वेळी लो-फाय ऐकतात, मी जुन्या गेम्सची गाणी ऐकते. आणि ऐकता ऐकता एक फंडा कळला. आज गेममधलं संगीत म्हणजे रेकॉर्ड केलेलं गाणं, ते नुसतं वाजवायचं. पण तेव्हा गेममध्ये गाणं नसायचंच. असायची फक्त गाण्याची चिठ्ठी: आता हा सूर, इतका वेळ, मग तो सूर. गायचं काम मशीनमधली चिप करायची. म्हणजे चिठ्ठी एक, पण गायक कोण आहे त्यावर गाणं ठरणार.

आमच्या पिवळट डब्याचे मूळ पुरुष म्हणजे जपानी निन्टेन्डोचा 'फॅमिकॉम', १५ जुलै १९८३ला बाजारात आलेला. अमेरिकेत तोच 'एनईएस' नावानं गेला. त्याच्या चिपमध्ये पाच वादक. दोन सुरावटीचे, साधारण हार्मोनियम-क्लॅरिनेटचं काम करणारे. तिसरा खर्जवाला, त्याला आवाज कमी-जास्त करणं माहीतच नाही, एक तर पूर्ण चालू नाही तर बंद. चौथा नुसता खरखर करणारा, म्हणजे नॉइज. तो झांजेचं, ढोलाचं, बंदुकीच्या गोळीचं, सगळ्यांचं काम करतो. पाचवा आधी रेकॉर्ड केलेला बारकासा तुकडा वाजवतो.

कोजी कोंडो यांनी १९८५ला 'सुपर मारिओ ब्रदर्स'ला संगीत दिलं ते यातल्या चौघांवरच, पाचवा घरी बसून. आणि त्यातही पंचाईत बघा. मारिओनं उडी मारली की तो 'टुईंग' वाजवायला वेगळा माणूस नाही. सुरावटीच्या दोघांपैकी एकजण आपलं वाजवणं सोडून तेवढ्यापुरता उडीचा आवाज काढून येतो. म्हणजे बँडमधला क्लॅरिनेटवाला मधेच उठून दार उघडायला जातो आणि परत येऊन पुढच्या ओळीपासून वाजवायला लागतो. तुम्ही जितक्या उड्या मारणार, तितकं गाणं फाटणार. आणि तरीही ते फाटलेलं आपल्याला कळत नाही, ही कोंडोसाहेबांची कमाल.

बहुरूपी, शिट्टीवाला आणि बाकीची मंडळी

बाकीच्या मशीन्सचे स्वभाव एकदम वेगळे. १९८२चा 'कमोडोर ६४' हा कॉम्प्युटर घ्या. त्यातल्या 'सिड' चिपमध्ये फक्त तीन आवाज. पाचापेक्षा तीन कमी, असं आपलं गणित सांगतं. पण ती चिप बनवणारा बॉब यानेस संगीतातला जाणकार, त्यानं पुढे एन्सॉनिक ही वाद्यांची कंपनीच काढली. त्यानं प्रत्येक आवाजाला रूप बदलायची सोय दिली. एकच आवाज क्षणात बासरी, क्षणात गिटार, क्षणात ढोल. बहुरूपी म्हणतात ना, अगदी तसा. तिघंच जण, पण कपडे बदलून बदलून अख्खं नाटक उभं करतात. रॉब हबर्डचं 'मॉन्टी ऑन द रन' (१९८५) ऐका, तीन आवाज आहेत यावर विश्वास बसत नाही.

त्याच वर्षीचा 'झेडएक्स स्पेक्ट्रम' म्हणजे गरिबाघरचं पोर. त्याला चिपच नाही. आहे तो एक छोटा स्पीकर, आणि त्याला ढकलायचं कामही कॉम्प्युटरच्या मुख्य मेंदूनंच करायचं. म्हणून बऱ्याच गेममध्ये गाणं सुरू असताना खेळ थांबायचा. एका हातानं पोळी लाटायची आणि दुसऱ्यानं तबला वाजवायचा, जमणार कसं? पण टिम फॉलिनसारख्या पोरांनी त्याच एका स्पीकरला इतक्या वेगानं सुरांमागून सूर पुरवले, की ऐकणाऱ्याला एकाच वेळी तीन-चार वाद्यं वाजल्याचा भास व्हावा. हा स्पेक्ट्रम आपल्याकडेही आला होता बरं का. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं ऐंशीच्या दशकात तो रीतसर परवाना घेऊन भारतात विकला. माझ्या शाळेतल्या पीसीचा तो 'पिप पिप' स्पीकर याचाच चुलतभाऊ.

आणि एक गंमत. १९८४ पासून सरकारच्या 'क्लास' प्रोजेक्टमध्ये भारतातल्या शाळांना 'बीबीसी मायक्रो' कॉम्प्युटर मिळाले. पोरांनी त्यावर प्रोग्रॅमिंग शिकावं, ही अपेक्षा. पण त्यात जी साउंड चिप होती, तीन सूर आणि एक नॉइजवाली, त्याच कुळातली चिप पुढे 'सेगा मास्टर सिस्टिम' या खेळाच्या मशीनमध्ये बसली. म्हणजे सरकारनं नकळत शाळाशाळांतून अर्धा व्हिडिओ गेम वाटला होता!

मग आली पुढची पिढी. सेगानं १९८८ला 'मेगा ड्राइव्ह' आणला. त्यात यामाहाची चिप, सहा आवाज, सूर घासून-पुसून धातूसारखे चकचकीत. युझो कोशिरोचं 'स्ट्रीट्स ऑफ रेज' (१९९१) त्यावर ऐका. थेट डान्स क्लबमध्ये नेऊन सोडतं. निन्टेन्डोनं १९९०च्या 'सुपर फॅमिकॉम'साठी चिप घेतली सोनीकडून. ती बनवली केन कुतारागीनं, जो पुढे 'प्लेस्टेशन'चा जनक म्हणून ओळखला गेला. आठ आवाज, तेही खऱ्या वाद्यांच्या छोट्या रेकॉर्डिंगवरून. पण सगळा वाद्यवृंद मावायला जागा किती? ६४ केबी. तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सकाळी येणारा गुलाबाचा 'शुभ सकाळ' याहून जाड असतो. म्हणून त्या मशीनचं संगीत थोडं दुलईतून आल्यासारखं, मऊ वाटतं. सेगावाले आणि निन्टेन्डोवाले यावर आजही भांडतात. मी म्हणते, एक स्टीलचं भांडं, एक मातीचं. आमटी दोन्हीत होते, चव वेगळी.

१९९४ला जपानमध्ये प्लेस्टेशन आलं, सीडी आली आणि खरंखुरं रेकॉर्ड केलेलं गाणं वाजायला लागलं. चिठ्ठीवरून गाणाऱ्यांचे दिवस हळूहळू संपले.

ओरिजिनल कुठलं?

परत दौंडला या. आम्ही डबा जुन्या डबा-टीव्हीला जोडला. टीव्हीही त्याच दिवशी भंगारवाल्याकडे जाणार होता, म्हणजे हा शेवटचा शो. पिवळी-पांढरी पिन, गरम होणारा अ‍ॅडॉप्टर, सगळं चालू. दादानं सवयीनं आवाज शून्यावर नेला. आतून मामा आला, हातात चहाचा कप. म्हणाला, "लावा की आवाज. आता कुणाची नाइट आहे?"

आम्ही दोघंही एकमेकांकडे बघत राहिलो. त्या घरात तो गेम पहिल्यांदाच मोठ्यानं वाजला, तेही घर सोडायच्या आदल्या दिवशी.

आणि मला धक्का बसला. गाणं हळू चाललं होतं. मला वाटलं, डबा म्हातारा झाला. मी फोनवर यूट्यूबचा मारिओ शेजारी लावला. फोनवरचा मिनिटभरात खूप पुढे निघून गेला. स्टॉपवॉच लावून बघितलं, फोनवर ६० सेकंदांत संपणारा तुकडा टीव्हीवर ७२ सेकंद घेत होता. दादा म्हणाला, "फोनवाला फास्ट आहे. आपला बरोबर आहे."

पुण्याला येऊन शोधलं तेव्हा कळलं, की दोघंही बरोबर होते. जपान-अमेरिकेचे टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र रंगवायचे, आपले ५० वेळा. मारिओसारख्या गेममध्ये गाण्याची चिठ्ठी दर चित्रामागे एक पाऊल पुढे सरकते. म्हणून तिकडे ६० पावलं, इकडे ५०. आपल्याकडे आलेले कॅसेटवाले डबे म्हणजे बहुतेक तैवान-चीनकडच्या नकला. त्यांच्या चिपचा सूर जवळपास मूळ पट्टीतच राहायचा, पण लय टीव्हीबरोबर खाली यायची. पट्टी तीच, चाल संथ. आणि फक्त गाणं नाही, अख्खा मारिओच आपल्याकडे आरामात पळायचा. दादानं शेवटच्या राक्षसाला हरवलं म्हणून त्या काळी कॉलनीत त्याची केवढी कॉलर ताठ होती! ते सगळं ८३ टक्के स्पीडवर होतं, हे मी अजून त्याला सांगितलेलं नाही.

आणखी एक. त्या नकली चिप्सपैकी पुष्कळ चिप्समध्ये एक घोटाळा होता. सुरावटीच्या वादकांना एकच सूर वेगवेगळ्या गळ्यांनी काढता येतो, कधी पोकळ, कधी नाकातला. नकला करणाऱ्यांनी यातले दोन गळे अदलाबदल केले. जिथं गोल, पोकळ सूर हवा तिथं सनईसारखा नाकातला यायचा. फोन शेजारी ठेवून ऐकल्यावर आमच्या डब्याचाही सूर नाकातलाच वाटला.

मग ओरिजिनल कुठलं? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. 'कॉन्ट्रा' मुळात १९८७चा पार्लरचा गेम, त्यात यामाहाची आठ आवाजांची चिप. आपण ऐकला तो १९८८चा घरगुती, पाच आवाजांत बसवलेला. म्हणजे आपलं आवडतं 'ओरिजिनल' हीच आधी एक तडजोड होती. 'कॅसलवेनिया'चा तिसरा भाग घ्या. १९८९ला जपानमध्ये आला तेव्हा कोनामीनं कॅसेटमध्येच एक जादा चिप बसवून तीन आवाज वाढवले, एकूण आठ. अमेरिकेच्या मशीनमध्ये कॅसेटमधून आवाज घ्यायची वाटच बंद होती, म्हणून तीच गाणी परत पाचात कोंबावी लागली. अमेरिकेत वाढलेल्या पोरांना विचारा, ते पाचवालंच ओरिजिनल म्हणतील. आणि त्यांचं काय चुकलं? ज्याच्या घरात जे वाजलं, ते त्याचं.

छिक् कुठे गेलं?

दादा खेळत होता, मी चहा घेत होते. पहिली स्टेज संपली तसा तो म्हणाला, "चिप गेली गं याची थोडी. ते छिक्-छिक् येत नाहीये."

मला येत होतं. अगदी स्पष्ट. आवाज साधारण मध्यम होता, आपण घरात सीरियल बघतो तेवढा. मी म्हटलं, "येतंय की."

"कुठे? नुसतं खालचं ढुम ढुम येतंय."

मी आवाज बराच वाढवला. तेव्हा म्हणाला, "हां, आता आलं. वायर लूज असेल."

वायर लूज नव्हती. दादा गेली नऊ वर्षं रांजणगाव एमआयडीसीतल्या एका कंपनीत प्रेस शॉपला आहे. दिवसभर पत्र्यावर पडणारे घाव. कंपनीत इअरप्लग मिळतात, पण ते घातले की मागून मारलेली हाक ऐकू येत नाही, म्हणून याचे खिशात. आणि मला एकेक गोष्ट आठवायला लागली. फोनवर त्याचं सारखं "काय? काय म्हणालीस?" लग्नात गर्दीत बोलताना नुसतं हसून मान हलवणं. मागच्या वर्षी मी चिडलेही होते, की हा आता माझं लक्ष देऊन ऐकत नाही. महिना-महिना फोन केला नव्हता मी.

मामानं कप खाली ठेवला. तो सगळं बघत होता. एवढंच म्हणाला, "तुझं ते छिक्-छिक् मला झोपेत ऐकू यायचं रे. रोज."

दादा चपापला. "मग ओरडला का नाहीस?"

"झोप लागायची त्याच्यावर."

कुणी काही बोललं नाही. मारिओ खड्ड्यात पडला.

मी दादाच्या मागे लागले, चक्क रोज फोन करून. दोन आठवड्यांनी त्यानं कान तपासून घेतले. रिपोर्टवर एक आलेख असतो. सरळ चाललेली रेघ ४००० हर्ट्झच्या आसपास खड्ड्यात जाते आणि पुढे थोडी वर येते. सततच्या दणक्यानं कान गेले की तो खड्डा बहुधा तिथंच पडतो, असं डॉक्टर म्हणाले. आतल्या कानातल्या बारीक केसांसारख्या पेशी मरतात आणि त्या परत येत नाहीत. बोलण्यातले 'स', 'च', 'छ' आधी निसटतात. खर्ज शाबूत राहतो. म्हणजे पाच जणांच्या बँडमधून त्याचा नॉइजवाला निघून गेला, खर्जवाला अजून वाजवतोय. गोंगाटानं नेमकी खरखर नेली, यावर हसावं की रडावं?

आता तो प्लग घालतो. लाइनवरच्या पोरांना सांगून ठेवलंय, हाक मारू नका, खांद्यावर हात ठेवा.

तुम्ही प्रेस शॉपला नाही, एसी ऑफिसात आहात, मान्य. पण कानात दिवसाचे आठ तास काय असतं? बाहेर ट्रॅफिक वाढला की आवाज कुठे जातो? जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ठीक म्हणते. त्यापुढे आवाज जितका मोठा, तितके तास झपाट्यानं कमी. तेव्हा या वीकएंडला एक होमवर्क. शांत खोलीत, मध्यम आवाजात मारिओचं गाणं लावा. खर्ज ओळखा, दोन सुरावटी वेगळ्या काढा आणि मग ती बारीक छिक्-छिक् शोधा. ही काही मेडिकल टेस्ट नाही. पण शेजारच्याला ती येत असेल आणि तुम्हाला येत नसेल, तर वायर लूज आहे असं म्हणू नका.

टीव्ही भंगारात गेला. डबा मी पुण्याला आणलाय. नव्या एलईडीला जोडून बघितला, चालतो. पण खरं सांगू? तो मी फारसा लावत नाही. परवा रात्री कामात असताना दादाचा व्हॉइस मेसेज आला. दोन मिनिटांचा, नुसतं मारिओ, ओठ मिटून. त्याला स्वतःला ऐकू येत नसलेली छिक्-छिक् दातांतून बरोबर जागच्या जागी.

मी स्टॉपवॉच लावलं. दौंडच्याच स्पीडवर होता.